रुमालाखालची चार बोटं

साताऱ्याच्या माझ्या मित्रानं मला रुमालाखाली फसवलं.

मी सांगलीत हळदीचा व्यापार करतो. हमालीपासून वर आलो. माझ्या उमेदवारीत हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, शेजाऱ्याला पत्ता लागत नसे. तीच रीत आम्ही दोघांनी रोलर कोस्टरला लावली होती.

तो लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. पुण्यापलीकडच्या एका पार्कात आम्ही दोघंही एकटेच आलो होतो, म्हणून शेजारी बसवले गेलो. उतरल्यावर तो म्हणाला, "चाकं रुळाला धरून हायत, पण दुसरं वळण उगाच घातलंय." मी म्हणालो, वळणामुळंच मजा आहे. तिथून सात वर्षं वाद चालला. तो पुढची सीट मागायचा, उतार दिसतो म्हणून. मी मागची, कारण मागचा डबा वरून ओढला जातो आणि बूड सीटवरून उठतं. शेवटी ठरलं, प्रत्येक राईडला दहापैकी गुण द्यायचे, तेही रुमालाखाली. एकाच्या तोंडाकडं बघून दुसऱ्यानं आकडा बदलायला नको.

गेल्या वर्षी नवी राईड आली. मी पाच बोटं दाबली, मग चार. नऊ. त्यानं चार दाबली आणि हात सोडला.

"चार?"

"मान हिसडती गड्या. डिझाईनच चुकलंय."

"ट्रकाच्या स्प्रिंगा बदलणाऱ्याला डिझाईन कळतंय व्हय?"

"आन् तुला रं? तू तर हळकुंडाचा वास घेणारा."

एरवी मी हसलो असतो. पण माझ्या नऊला चार म्हणजे माझ्या पारखीचा अपमान. रांगेतल्या लोकांसमोर मी त्याला नको ते बोललो. तो रुमालाची घडी करत म्हणाला, "आता असल्या राईडला मी न्हाई यायचा." सांगलीची बस साताऱ्यावरूनच जाते, तरी मी त्याला दुसऱ्या बसनं जाऊ दिलं.

नंतर तीनदा एकटाच गेलो. एकट्या माणसाला कुठंही कोंबतात. एकदा शेजारची सीट रिकामी राहिली. तिचा मांडीवर अडकणारा दांडा माझ्या दांड्याबरोबर खाली आला, कुणी नसलेल्या जागेवर. राईड चांगली झाली. उतरल्यावर वाद कुणाशी घालायचा ते कळेना. रुमालानं घाम पुसला आणि चहा घेतला.

परवा न राहवून त्याच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"आवं भावजी, तुमाला ठावं न्हाई? गाड्यांखाली वाकून वाकून मानंतली शीर दबल्याली. डॉक्टरनी त्या नव्या राईडच्या आदीच असल्या राईडला नको म्हटलं हुतं, तरी तुमच्यासंगं आलं. उजवा हात बधिर हाय. पर ती नवी राईड लय आवडली त्यांना. अजून म्हणत्यात, धापैकी धा."

मग आठवलं. त्या दिवशी त्यानं डावा हात पुढं केला होता. बोटांवरून माणूस ओळखत मी दुकान उभं केलं, आणि हात बदललेला माझ्या लक्षात आला नाही. मी आकड्यावरच तापलो.

फोन त्याला द्या म्हटलं. "झोपलेत," वहिनी म्हणाल्या. मागं त्याचा खोकला ऐकू येत होता.

दहाच्या मालाला चार सांगून त्यानं मला मुद्दाम भांडायला लावलं, म्हणजे मी पुन्हा चल म्हणणार नाही. रविवारी मी साताऱ्याला जाणार आहे, रुमाल घेऊन. त्यानं समोर बसावं, डाव्या हातानं का होईना खरा आकडा दाबावा, आणि वर्षभर माझ्या शेजारची सीट रिकामी का ठेवली, याचा जबाब द्यावा.