विठाबाईशेजारची जागा

पूनमला हट्टी म्हणावं तर ती हसते, आणि नाही म्हणावं तर माझंच डोकं फिरलंय असं लोक म्हणतील. वरवंडपासून आत, उसाच्या पट्ट्यातल्या आमच्या हायस्कुलात ती चित्रकला शिकवायची. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला संस्थेचे अध्यक्ष सत्यजीतराव मान डोलावणार, तेव्हा हिची नोकरी पुढं सरकणार. मी तिथंच मराठी शिकवते. कायम आहे, म्हणून मला तोंड उघडायची सोय आहे. तिला ती नव्हती, तरी ती तोंड उघडायचीच.

डहाणूकडच्या एका पाड्यावर लखमीबाई दुमाडा नावाच्या वारली चित्रकार राहतात. पूनम उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडं राहून आली आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. शाळेच्या दर्शनी भिंतीवर नववीच्या पोरांकडून वारली चित्र काढून घ्यायचं ठरलं होतं. सोपं काम. मोबाइलवरचं एखादं चित्र बघायचं आणि उतरवायचं. पण नाही! लखमीबाई म्हणे नाचाच्या रिंगणातलं प्रत्येक माणूस ओळखीचं काढतात. त्याला नाक-डोळे नसले तरी ते कोण आहे हे काढणाऱ्याला ठाऊक असतं, आणि रिंगणातला हात कुठंही सुटू द्यायचा नाही. त्या त्यांच्या पाड्यातली माणसं काढतात, तर आपण आपल्या गावातली काढायची, असं हिचं म्हणणं. मी म्हटलं, बाई गं, दोन त्रिकोण कसे जोडायचे ते दाखव आणि मोकळी हो. ऐकेल तर शपथ.

पोरं मात्र पेटली. भिंत गेरूनं रंगवली, बांबूच्या काड्या ठेचून ब्रश केले. कुणी रांजणगावला कंपनीत जाणारी बहीण काढली, कुणी एसटीतला कंडक्टर मामा. बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या गौतमीनं तिची आजी विठाबाई काढली. तिच्या शेजारी पोरांनी आप्पांना काढलं. आप्पा म्हणजे सत्यजीतरावांचे वडील, शाळेला जमीन देणारे. रोज संध्याकाळी गेटाशी बसून पोरांची चेष्टा करतात, म्हणून पोरांचे लाडके. दोघं शेजारी आले ते निव्वळ जागा तिथं होती म्हणून. हातात हात आला. कुणाच्या मनात काही नव्हतं.

सत्यजीतराव भिंत बघायला आले. पोरांनी उत्साहात एकेक नाव सांगायला सुरुवात केली. आप्पांचं नाव आलं तेव्हा ते खूश झाले. शेजारचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मग म्हणाले, आप्पा एवढेसे का? फेटा कुठाय, मिशी कुठाय? जमीन दिलेल्या माणसाला असं गर्दीत उभं करतात का? मोठे काढा, वर काढा. आमच्याकडं फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याचं तोंड घमेल्याएवढं असतं, तेव्हा हे बोलणं वरवर कुणालाही पटावं. खरं कारण सगळ्यांना कळलं होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुख्याध्यापक तर हो हो करत फेट्याचा रंगसुद्धा विचारून मोकळे झाले.

पूनम म्हणाली, रिंगणात कुणी मोठं नसतं, मी काढणार नाही. मी तिला स्टाफरूममध्ये ओढून नेलं. जून जवळ आलाय, घरी आजारी आई आहे, दे काढून एक फेटा, तुझं काय जातंय? ती डबा न खाता बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दौंडहून बोर्ड रंगवणारा पेंटर आला. त्यानं रिंगणातल्या आप्पांवर गेरू फिरवला आणि वरच्या बाजूला ऑइलपेंटमध्ये फेटा, मिशी, सगळ्यासकट आप्पा काढले. खाली विठाबाईंचा एक हात तसाच राहिला, कुणी न धरलेला.

उद्घाटनाला आप्पा काठी टेकत आले. काठीनंच वर दाखवत म्हणाले,

"ह्यो मी व्हय? येकटाच टांगलाय. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवानी दिसतंय की रं. खाली घ्या मला, समद्यांच्यात."

मंडप हसला. मला तर इतकं हायसं वाटलं, की आता पूनमचा जून निभावला असंच मी धरलं. गौतमी ब्रश घेऊन पुढं पळाली आणि तिनं मोकळी जागा दाखवली. हीच तुमची जागा आप्पा, माझ्या आजीशेजारी.

आप्पांनी मागं वळून पाहिलं. विठाबाई शेवटच्या रांगेच्याही मागं उभ्या होत्या. दोघांचं उभं आयुष्य एका गावात गेलेलं, आप्पांच्याच रानात विठाबाईंनी खुरपणी केलेली.

"दुसरीकडं कुठंबी घे की, पोरी," आप्पा म्हणाले.

किती मायेनं म्हणाले! रागावून म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. तेवढ्यात मागून विठाबाईंचा आवाज आला.

"गौतमी, मलाच पुसून टाक की. काय अडलंय."

गौतमी ब्रश धरून तशीच उभी. पूनम उठली. मी तिचा पदर धरला, अगदी घट्ट, आणि दबक्या आवाजात म्हटलं, गप बस, तुला माझी शपथ आहे. तिनं पदर सोडवून घेतला आणि गौतमीच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"विठाबाई कुठं जाणार नाहीत," ती म्हणाली. "मग आप्पा, तुम्ही वरच बरे."

जूनमध्ये तिचे तास गेले. आता ती शिरूरला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवते, आणि फोनवर मलाच विचारते, तुम्ही अजून चिडलेल्या आहात का? आहेच चिडलेली. कुणाकुणावर म्हणून सांगू?

नव्या मॅडम स्वभावानं चांगल्या आहेत. त्या पोरांना बाजारातले प्लॅस्टिकचे छापे देतात. तासाभरात रिंगण तयार होतं, आणि सत्यजीतराव खूश असतात. परवा गौतमीनं छापा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "मॅडम, ह्यातलं आपलं कोण हाय?"

मॅडमना प्रश्नच कळला नाही.