मामंजींचा डावा इअरबड

"लेफ्ट होना मेरे कू, लेफ्ट! राइट का क्या अचार डालूँ मैं?"

कोठी भागातल्या एका मोबाइल-मार्केटच्या तळघरात मी अशी काही ओरडत होते, की वर रस्त्यावरचे ऑटो जागच्या जागी थांबले म्हणे. सातवं दुकान होतं ते. दुकानदार पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, एका डोळ्याला भिंग. त्यानं जोडीदार हरवलेल्या इअरबड्सचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"नक्को चिल्लाओ, अम्मा. पूरे शहर का लेफ्टइच मरता. राइट बोले तो बोरी भर के देता मैं."

मंडळी, पुढे जाण्याआधी सांगून ठेवते. मी जामबागेतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भूतबित काही मानत नाही — समोर आलंच तर आधी लिटमस लावून बघेन. एकाचं दहा करायची मला सवय आहे, तेही कबूल. पण इथे मी दहाचं एक करून लिहितेय...

तो डावा इअरबड माझ्या सासऱ्यांसाठी हवा होता. मामंजी जुने वकील, वय ब्याऐंशी. उजवा कान ठार, डाव्यात जरा धुगधुगी. कानाच्या मशीनचं नाव काढलं की विचारायचे, "मी काय बहिरा आहे?" — आणि आम्ही दिलेलं उत्तर त्यांना ऐकू यायचं नाही. शेवटी माझ्या मुलानं अमेरिकेहून येताना इअरबड्स आणले. फोन बोलणाऱ्यासमोर ठेवायचा, तो माइकचं काम करतो, आवाज थेट कानात. बघणाऱ्याला वाटतं, आजोबा गाणी ऐकतायत. मामंजी खूश! पण शुक्रवारी डावा बड चहात पडला, आणि बिस्किटाचा तुकडा समजून त्यांनी तो चमच्यानं चांगला ढवळला.

नवी जोडी का नाही घेतली म्हणाल, तर दोन आणल्या. एक कानात टिकेना, दुसरी शिट्टी मारी. आणि रविवारी बाळकाका येणार होते.

बाळकाका म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. एका बारशाच्या पंगतीत बाळकाकांनी शेजारी बसून विचारलं होतं, "अण्णा, सुमीच्या लग्नात वडीलधारा म्हणून तू उभा राहशील ना?" मामंजींनी मान वर केली नाही. भजी खात राहिले. झालं! पुतणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं हे आम्ही ओळखून होतो, पण बाहेर बोलायची सक्त मनाई. आता बाळकाकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज नुसता कुजबुजण्यापुरता उरलेला. आणि ते कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले होते. जाण्याआधी एकदा येऊन जातो म्हणाले. या वेळीही मामंजी गप्प राहिले असते तर... सुधारायला पुढची भेट नव्हती.

म्हणून शनिवारी मी कोठीत. या पार्टची कटकट कुणाच्या वैऱ्याला लागू नये! बडच्या दांडीवर मॉडेल नंबर, तोही मुंगीनं लिहिल्यासारखा. नंबर जुळला तर जनरेशन जुळत नाही. दोन्ही जुळलं तरी शेवटचा शब्द केसचा, म्हणजे चार्जिंगच्या डबीचा. तिला पटलं तर पांढरा दिवा, नाही पटलं तर नारिंगी. सहा दुकानांत नारिंगी. सातव्यात अकरा बड घालून पाहिले, अकराही नारिंगी. माझ्या नणंदेनंही इतकी स्थळं नाकारली नव्हती.

शेवटी त्या माणसानं काचेच्या कपाटातून एक बड उचलला, फुंकर मारली आणि केसमध्ये बसवला.

पांढरा दिवा! फोनवर आलं — लेफ्ट, शंभर टक्के.

"अरे वा!" तो स्वतःच दचकून म्हणाला.

मी धावत सुटले. बड कानात घालून बघायला हवा होता, तेवढं केलं नाही. चूक ती चूक.

रविवारी चारला बाळकाका आले. विद्यानगरच्या आमच्या हॉलमध्ये दोन भाऊ समोरासमोर, मधे चुडव्याची, म्हणजे चिवड्याची, ताटली, ताटलीआड फोन. मामंजींच्या डाव्या कानात तो बड.

बाळकाका जवळजवळ ओठांतच बोलले, "त्या दिवशी मी तुला विचारलं, अण्णा... आणि तू जेवत राहिलास."

मामंजींचा हात ताटलीकडे गेला. मी मनात सगळे देव बोलावले — न मानता. मग ते म्हणाले, "मला ऐकूच आलं नव्हतं, बाळ्या. तेव्हापासूनच येत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगू? वकील बहिरा झाला म्हटल्यावर कोर्टात उभं कोण करतं?"

बाळकाका उठून खिडकीशी गेले. पाठ आमच्याकडे, रुमाल तोंडाला. तसेच ते काहीतरी पुटपुटले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, माझे कान शाबूत... मला शब्द कळला नाही. आणि मामंजी सोफ्यावरून म्हणतात, "मग घेऊन ये ती. उशिरा का होईना, येईन म्हणावं."

बाळकाका वळले आणि लहान पोरासारखे रडले. जाताना मी त्यांना जिन्यात विचारलंच — काय म्हणालात हो? तर म्हणे, "सुमीनं अण्णांच्या नावाची पत्रिका अजून जपून ठेवलीय."

दोन तास ते बसले. फोनवर बडची बॅटरी सुरुवातीला शंभर, शेवटीही शंभर.

रात्री बड केसमध्ये ठेवला. नारिंगी. फोनवर लेफ्टचा पत्ताच नाही. सोमवारी कॉलेज सुटल्यावर तडक कोठी गाठली. दुकानदारानं पातीनं बड उकलला आणि भिंग बाजूला ठेवलं. आत ना बॅटरी, ना वायर, ना स्पीकर. भुईमुगाचं रिकामं टरफल!

"डमी है, अम्मा. शोकेस में रखने का. अंदर कुछ हैइच नै."

"कल दो घंटे चला ये!"

"मैं भी देखा ना सफेद बत्ती... ले जाओ. मेरे कू नक्को वापस."

आमचे हे म्हणतात, बाबांना सोयीचं तेवढं पहिल्यापासून ऐकू येतं. असेल! पण पाठ फिरवलेल्या माणसाची कुजबुज? रिकाम्या टरफलाची शंभर टक्के बॅटरी? माझ्या केमिस्ट्रीकडे याचं उत्तर नाही, अजूनही नाही. एक मात्र खरं, तेव्हापासून घरात सगळ्यांना मोकळा श्वास मिळालाय. लपवायचं काही उरलं नाही, तसं मामंजींनी मुकाट्यानं कानाचं मशीन घेतलं. सुमी पत्रिका घेऊन येऊन गेली. पुण्याहून रोज फोन येतो आणि दोघं भाऊ तासभर भांडतात.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मशीन नव्हतं. मी पेपरच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं — "तो बड पोकळ होता. आत काहीच नव्हतं." — आणि दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

मामंजींनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. टरफल उजेडात धरून आतून नीट पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले. "आवाज जरा बारीक येत होता, सूनबाई."