पी. पी. नंबर मोतीशेठचा

लोकांना वाटतं, नोकरीचे किस्से नोकरी लागल्यावर होतात. आमचे सगळे लागायच्या आधीचे आहेत. मुलाखत झाली, साहेब "कळवतो" म्हणले, की तिथून पुढं माणूस जे काय करत सुटतो ना, ते त्याचं त्यालाच नंतर खरं वाटत न्हाई. परतूरला कुणाचं लग्न निघालं की आम्ही तिघं मांडवाच्या मागं खुर्च्या ओढून बसतो, मी, रफिक आणि भरत, अन् हेच उगाळतो. बायका म्हणतात, तुमचं ते झालं का सुरू. आता झालं तर झालं!

तेव्हा आम्ही डिगऱ्या घेऊन परतूरला एका खोलीत राहायचो. ऐंशीचं दशक संपत आल्तं. मुलाखती द्यायच्या जालन्याला नाहीतर औरंगाबादला, अन् वाट बघायची परतूरला.

रफिकनं एका उर्दू शाळेत मुलाखत दिल्ती. कळवतो म्हणले. आता कळवलं अन् आपण घरी नसलो तर? म्हणून गडी रोज पोस्टाच्या दारात उभा. पोस्टमन निघाला की हा त्याच्या सायकलीसोबत. आधी नुसता चालायचा, मंग बिचाऱ्या पोस्टमनचं ओझं बघवेना म्हणून पिशवी धरायला लागला. पुढं पोस्टमन तापानं पडला, तर गल्लीतल्या म्हाताऱ्या थेट आमच्या खोलीवर आल्या अन् रफिकला झाडायला लागल्या, आमच्या मनीऑर्डरी कुठं ठेवल्यास म्हणून.

त्याची नेमणुकीची ऑर्डर आली शेवटी. सगळ्या गल्लीला पेढे मिळाले, पण पोस्टमनला लई वाईट वाटलं. त्याचा हक्काचा माणूस गेल्ता.

माझं तर विचारूच नका. औरंगाबादला एका खताच्या कंपनीत मुलाखत झाली. आता साहेबाला भेटायचं म्हणजे रिकाम्या हातानं कसं जावं? आपल्याकडं पाहुण्याकडं जाताना तशी पद्धतच न्हाई. घरची मोसंबी होती, नेली पिशवीभर. साहेब खूश. बसा म्हणले, चहा पाजला, "बघू" म्हणले. पुन्हा गेलो, पुन्हा मोसंबी. असं बहार संपेपर्यंत चाललं. शेवटी एकदा नुसताच गेलो, तर साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं अन् आपुलकीनं विचारलं, "काय हो, यंदाचा माल संपला का?"

मुलाखतीचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी मोसंबीवाला म्हणून दोन्ही हात जोडले अन् खाली उतरलो.

मंग मी फोनच्या नादी लागलो. आमच्या सगळ्या गल्लीत फोन नव्हता. मोंढ्यात मोतीशेठची आडत होती, तिथं गादीच्या कोपऱ्यात एक काळा फोन. आम्ही अर्जावर तोच नंबर टाकायचो अन् पुढं लिहायचो, पी. पी. मोतीशेठ. शेजाऱ्याच्या फोनवर निरोप द्यायची ती तेव्हाची पद्धत. शेठ वरून कडक, तोंडानं फटकळ, पण निरोप कधी चुकवला न्हाई त्यांनी.

निरोपापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं! जालन्याच्या एका कारखान्यातून माझ्यासाठी फोन आला. घ्यायचं ठरलंय, पगार एवढा एवढा. शेठ म्हणले, "एवढ्या भावात न्हाई बसत." अन् ठेवला फोन.

मला संध्याकाळी कळलं. जेवण जाईना. रफिक म्हणला, "अब तू मोसंबीच बेच." तर दुसऱ्या दिवशी कारखान्याचा परत फोन, अन् पगार वाढवलेला. शेठला मिठी मारावी का भांडावं, मला समजेना. ते आपले पान लावत म्हणले, पहिल्या बोलीला माल कोणी सोडत असतं का.

राहिला भरत.

भरतचं गाव कुंभार पिंपळगाव. लई हुशार, पण तोंडातून शब्द निघायचा न्हाई. जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत त्याची मुलाखत झाल्ती, चांगली झाल्ती, अन् तिकडून काहीच न्हाई. इकडं सुमन नावाच्या पोरीशी त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं. दोघांचं मन होतं. सुमनचे वडील म्हणले, दिवाळीच्या आत नोकरीचं पक्कं झालं तर तुळशीच्या लग्नानंतर बार उडवू, न्हाई तर मी दुसरं स्थळ बघून राह्यलो.

भरत रेल्वेनं जालन्याला जायचा अन् संध्याकाळी परत यायचा. काय म्हणले साहेब, विचारलं की खाली बघायचा. एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं, हा आतच जात न्हाई! गेटवरच्या वॉचमनसोबत बसून चहा पितो, त्याच्या घरची खुशाली विचारतो अन् येतो. मला रागही आला अन् कीव पण.

दिवाळी तोंडावर आली. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागलेल्या, शेठला मान वर करायला फुरसत न्हाई. मी अन् रफिक भरतला ओढतच तिथं घेऊन गेलो, सगळं सांगितलं. शेठनी समोरचं गिऱ्हाईक थांबवलं अन् कंपनीचा नंबर फिरवला. साहेब लाइनवर आले.

"साहेब, तुम्ही नमुना बघितला, पसंत केला, अन् न बोलता ठेवून दिला. आमच्या मोंढ्यात असं करत न्हाईत. घ्यायचं तर घ्या, न्हाई तर मोकळं करा. पोरगं झुरून राह्यलं."

तिकडून काहीतरी विचारलं. आपण कोण, मुलाची खात्री काय, असं असावं. शेठनी भरतकडं बघितलं. तो दारात उभा, डोळे भरलेले.

"नमुन्याबरहुकूम निघाला न्हाई तर परत पाठवा," शेठ म्हणले. "भाडं माझ्याकडं."

तुळशीचं लग्न झालं अन् आठवड्यात भरतचं लग्न लागलं. मांडवापाशी जालन्याहून एक जीप आली. त्यातून कंपनीचे साहेब उतरले. त्यांनी नवरदेवाकडं आधी बघितलंच न्हाई. मोतीशेठ कोण, असं विचारत विचारत ते जेवणाच्या पंगतीपर्यंत आले अन् शेठसमोर हात जोडून उभे राहिले.

"शेठ, माल आता परत मिळायचा न्हाई."