समुद्र डाव्या हाताला

शारजात, रोल्ल्याच्या बाजारात, हमदुल्ला कापडवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. नमाजाची वेळ झाली की तो चटई काढायचा आणि शेजारच्या खैरुद्दीनला विचारायचा, "किब्ला कुठे, मियाँ?" किब्ला, म्हणजे काबेची दिशा, काल होती तिथंच आज असणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. खैरुद्दीन चेष्टा करायचा, "का हो, रात्रीत मक्का सरकली काय?" हमदुल्ला हसायचा नाही. खैरुद्दीन बोट दाखवेपर्यंत चटई हातात धरून उभा राहायचा.

मुळात माणूस असा नव्हता. वाट विचारायची म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे. कोकणात केळशीपासून बाणकोटापर्यंत, पाठीवर कापडाची गठडी घेऊन, त्यानं सारा किनारा पायाखाली घातला होता. उत्तरेला जायचं तर समुद्र डाव्या हाताला, परत यायचं तर उजव्या, आणि नमाजाला उभं राहायचं तर तोंड समुद्राकडे. एवढ्या शहाणपणावर त्याचं बरं चाललं होतं.

त्रेसष्टच्या मे महिन्यात तो आणि त्याच्या बायकोचा, बिलकीसचा, भाऊ जहूर कमाईसाठी आखातात जायला लाँचवर चढले. बिलकीसला तो एकुलता भाऊ. बंदरावर ती म्हणाली, "त्याला उन्हाचं सोसत नाही हो. जपून न्या."

"अगं, माझ्याबरोबर आहे ना तो!" हमदुल्ला म्हणाला. माणसानं इतकं बेफिकीर बोलू नये.

समुद्रात जहूरच्या पोटात काही म्हणून ठरलं नाही. कागदपत्रं कुणाकडेच नव्हती, म्हणून पहाटेच्या अंधारात नाखव्यानं सगळ्यांना कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं. "खोर फक्कान बंदर उत्तरेला. दुपारपर्यंत पोचाल. वस्तीत शिरू नका, पकडतील. यल्ला!" म्हणाला आणि लाँच वळवून गेलाही.

दोघांनी फजरची नमाज पढली, जन्माच्या सवयीनं समुद्राकडे तोंड करून. उठून बघतात तो बाकीची माणसं एका बाजूनं चालू लागलेली.

"भाई, सगळे तिकडे चाललेत," जहूर म्हणाला.

"जाऊ देत. डोंगरातले लोक ते, त्यांना दर्या काय कळतो? पाणी डाव्या हाताला ठेव आणि चल."

बहिणीच्या नवऱ्यापुढे कोण बोलणार? जहूर निमूट चालू लागला. उजाडलं, पण आभाळ धुळीनं भरलेलं, जिकडे तिकडे सारखाच पांढुरका उजेड. सूर्य कुठे आहे ते कळेना. खडकांवरून पाय घसरत होते. दूर खजुरीची झाडं दिसली की पकडले जाण्याच्या भीतीनं दोघं वळसा घालत. पत्र्याच्या डब्यातलं पाणी हमदुल्ला जहूरलाच जास्त पाजत होता. खोर फक्कान आता आलंच, असं सांगत होता.

मग वारा सुटला, धूळ विरली आणि ऊन पडलं. सूर्य समुद्रावर होता.

क्षणभर हमदुल्लाला वाटलं, संध्याकाळ झाली. त्याच्या गावी समुद्रावर सूर्य यायचा तो मावळायलाच. मग त्याला हळूहळू उमगलं. इथे समुद्र पूर्वेला होता. सकाळभर ते दक्षिणेला चालले होते.

"जहूर, माझं चुकलं रे. वाट चुकली."

जहूरनं डबा उलटा करून बघितला. थेंबही नव्हता. रागवायलाही त्याच्यात त्राण उरलं नसावं. "चला मग परत. यल्ला, भाई," तो म्हणाला आणि हसला. लाँचवर शिकलेला हा एवढा एकच शब्द.

आलेली वाट पुन्हा तुडवायची म्हणजे जिवावर येतं, त्यात डोक्यावर ते ऊन. आता हमदुल्ला वस्ती शोधत होता, पकडोत हवं तर, पण मघाशी टाळलेली खजुरीची झाडं दिसता दिसेनात. जहूर खाली बसायला लागला, मग पडायला. त्याचा घाम थांबला. तो बिलकीसला हाक मारून पाणी मागू लागला. हमदुल्लानं त्याला खांद्यावर घेतलं, खडकाच्या सावलीत ठेवलं आणि लाज, भीती सगळी सोडून बोंब मारत धावला. जाळं ओढणारा एक म्हातारा अरब भेटला. तो पाण्याची मशक घेऊन आला, पण जहूरला पाणी गिळता आलं नाही. ते ओठांवरून वाळूत गेलं.

म्हाताऱ्यानं कुणाला बोलावलं नाही, काही विचारलं नाही. फावडं आणलं. नमाज पढून दोघांनी कबर खणली. बिलकीसनं दिलेल्या चादरीत गुंडाळून हमदुल्लानं मेहुण्याला आत उतरवलं, उजव्या कुशीवर, तोंड समुद्राकडे करून. त्याच्या गावच्या कबरस्तानात सगळे असेच निजले होते.

"ला, हबीबी, ला," म्हातारा नकारार्थी मान हलवत हळूच म्हणाला आणि त्यानं डोंगराकडे बोट केलं. किब्ला तिकडे होता.

हमदुल्ला त्या बोटाकडे बघत राहिला. मग पुन्हा आत उतरला. दोघांनी जहूरला उचललं, फिरवलं आणि डोंगराकडे तोंड करून ठेवलं. समुद्रापलीकडे कोकण होतं, घर होतं, बिलकीस होती. तिच्याकडे आता तिच्या भावाची पाठ झाली.