शिमग्याची रजा

सौदीत यान्बूजवळच्या कॅम्पात आमच्याच गावच्या सुपरवायझरने मला फसवलं. थंडीत तिथे समुद्रकाठी कॅरॅव्हॅनमध्ये राहायला कुटुंबं यायची. पाणी, जनरेटर, तुंबलेले संडास, सगळं मी बघायचो. आमचा सौदा ठरला होता: गणपतीला त्याने गावी जायचं, शिमग्याला, ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते तेव्हा, मी. तो जाऊन आला. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, "सीझन वाढलाय रे. पालखी काय, पुढल्या वर्षीपण येईल."

"मग गणपती काय शेवटचा होता?"

तो नुसता हसला. माझ्या कमाईच्या नव्या घरी पालखी पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिथे परक्याचा संडास उपसत होतो. आता गावकीसमोर उभं राहून त्याने सांगावं, शब्द का मोडला?