डावीकडचं झाकण

ग्लेनिस पास्को माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये पत्र्याचं कुंपण आहे, त्यामुळे तिचा संसार मी बघितला कमी आणि ऐकला जास्त. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वॉलारू गावात तिच्याइतकं काम येणारी आणि तिच्याइतकं गप्प बसणारी दुसरी बाई मला माहीत नाही. यातली दुसरी गोष्ट मला कधीच पटली नाही.

सप्टेंबर लागला की पलीकडून खर्र-खर्र सुरू व्हायचं. ग्लेनिस आणि तिचा नवरा नेव्ह मागच्या पडवीत समोरासमोर बसून त्यांच्या जुन्या होल्डन गाडीची टॅपेट कव्हरं घासायचे. इंजिनाच्या माथ्यावरची दोन ओतीव अ‍ॅल्युमिनियमची झाकणं. उजवं नेव्हचं, डावं ग्लेनिसचं. आमच्या खाऱ्या हवेत ती वर्षभरात राखाडी पडतात. म्हणून ऑक्टोबरातल्या गाड्यांच्या मेळाव्याआधी सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी जाड घासकागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, रॉकेलमध्ये बुडवून. प्रत्येक कागद आधीच्याच्या आडवा फिरवायचा, म्हणजे मागचा ओरखडा राहिला असेल तर लपत नाही. झाकणावरच्या उभ्या पट्ट्यांमधल्या खाचांसाठी आइस्क्रीमच्या काडीला कागद गुंडाळायचा. शेवटी पॉलिश, आणि नेव्हच्या जुन्या पायजम्याचा फडका.

"अगं, बफ मशिन आणा की. तासाभरात मोकळे व्हाल," मी एकदा कुंपणावरून म्हटलं.

"मशिनला कडा कळत नाहीत, लॉर्ना. सगळं वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत करून ठेवतं."

तिच्या पट्ट्यांच्या कडा मी बोट फिरवून पाहिल्या आहेत. साच्यातून आल्या तशाच धारदार, आणि वरचा भाग असा की त्यात बघून लिपस्टिक नीट लावावी. दोन्ही झाकणं शेजारी ठेवली तर कुठलं कोणाचं हे सांगणं मुश्कील. तोच दोघांचा अभिमान होता.

पण मेळाव्यात बॉनेट उघडलं की सगळे नेव्हची पाठ थोपटायचे. "काय हात आहे रे तुझा!" नेव्ह नुसता हसायचा. बक्षिसाच्या कपावर नाव त्याचं. ग्लेनिस आदल्या दिवशी लिंबू आणि साखर लावून बोटांचा काळा रंग घासून काढायची आणि सँडविचचा डबा घेऊन मागे उभी राहायची. माझं डोकं फिरायचं. "सांगत का नाहीस गं?" तर म्हणे, "घरातच आहे ना कप? पुसतेही मीच."

गेल्या हिवाळ्यात नेव्हला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तो पडवीत यायचा बंद झाला. गाड्यांच्या क्लबातली मंडळी म्हणाली, या वर्षी आम्ही करून देतो. ग्लेनिसने चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. मग तिने नेव्हचं झाकण पडवीतल्या त्याच्या खुर्चीपुढच्या टेबलाला शिकंज्याने पक्कं आवळलं, शेजारी कागद ठेवले, आणि आपलं घासायला बसली. त्याला एका शब्दानेही बोलावलं नाही. रोज एकटीचीच खर्र-खर्र.

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते, आणि पलीकडून दोन आवाज आले. एक भरभर. दुसरा अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. तो डाव्या हाताने घासत होता. चिमटे हातातच राहिले माझ्या.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी मांस-बटाट्याची गरम पेस्टी घेऊन गेले. नेव्हचं झाकण मंद, करडं, ओरखडे दिसणारं. त्याहून पुढे त्याचा हात जाणार नव्हता. आणि ग्लेनिस? आपल्या आरशासारख्या झाकणावर जाड कागद चालवत होती!

"वेड लागलं का तुला?" मी ओरडलेच.

"हळू. आत झोपलाय तो. दोन्ही सारखी दिसायला हवीत ना. नाहीतर चारचौघांत त्याचंच हसं होईल."

"झोपलाय कुठला!" दारातून आवाज आला. नेव्ह काठी टेकून उभा होता, चेहरा लालबुंद. "कान... शाबूत आहेत माझे. जाड कागद आहे तो. आवाज कळतो मला."

"नेव्ह, अरे, माझं ऐक..."

"आजवर खराब काम केलं नाहीस. आता माझ्या नावाने करतेस?" शब्द धडपडत होते, पण राग अगदी स्पष्ट होता. "पहिल्यासारखं कर. मी बसतो इथे."

आणि बसला. ती घासत राहिली आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. "खाच राहिली," म्हणायचा. खरंच राहिलेली असायची. शुक्रवारी उन्हं उतरली तेव्हा डावं झाकण पुन्हा झगझगलं. लिंबू लावायला वेळच उरला नाही.

शनिवारी मैदानावर बॉनेट उघडलं आणि पाठ थोपटायला कोणी पुढे आलं नाही. एक झाकण आरसा, दुसरं करडं. परीक्षक केल्विन वाकला, टॉर्च फिरवला, घसा खाकरला.

"नेव्ह, डावं नेहमीसारखं झकास झालंय रे. उजव्याचं काय... तुझ्या तब्येतीचं आम्हाला ठाऊक आहे."

"उजवं माझं," नेव्ह म्हणाला. "डावं हिचं."

"बरं, बरं. या वर्षी वहिनींनी हात लावला म्हणायचा."

"पहिल्यापासून हिचंच." एकेक शब्द ओढून काढावा तसा तो बोलत होता. "कपाच्या वेळी... मी गप्प बसलो. दर वर्षी."

कप नंतर दुसऱ्याच कुणाला गेला. पण त्या क्षणी केल्विन गुणांचा कागद आणि टॉर्च विसरून ग्लेनिसकडे बघत होता, आणि तिने आपली काळी बोटं घाईघाईने सँडविचच्या डब्यामागे लपवली. नेव्हने काठी गाडीला टेकवली. डाव्या हाताने तिचा हात बाहेर ओढला आणि सगळ्यांपुढे धरला.

"बघा," तो म्हणाला.