गुरुदत्तच्या पातेल्यातला प्रोब

श्रीपाद जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात गाड्यांचे सेन्सर तपासायचा. तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि याच माणसाने घरी केलेली बिअर दर खेपेला पाणचट व्हायची.

त्याहून मोठं दुखणं होतं दोन मजले खाली राहणारा गुरुदत्त. हा भाषांतरं करणारा माणूस, बिअर करायला शिकला तो श्रीपादकडूनच. विजेचं पातेलंही श्रीपादनेच निवडून दिलेलं. पण इमारतीतले सगळे मिळून करायचे त्या वार्षिक सणाला शेजारच्या फ्राऊ केसलर दुसरा ग्लास मागायच्या तो गुरुदत्तच्या बिअरचा. श्रीपादचा ग्लास त्या अर्धा ठेवून "या, या, इंटरेसांट", म्हणजे हो, हो, वेगळीच आहे, असं जर्मनमध्ये म्हणायच्या.

"अरे, गुरूलाच विचार ना तो काय करतो," बायको, नीलिमा, म्हणाली. "त्यात कसला आलाय कमीपणा?"

श्रीपादने विषय बदलला, पण तो अर्धा ठेवलेला ग्लास त्याच्या डोक्यातून जाईना.

सणाच्या आधी तीन आठवडे, एका शनिवारी सकाळी, तो सहज आल्यासारखा खाली गेला. गुरुदत्तचं पातेलं चालू होतं. पंप माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, रस तळातून उचलून नळीने वर आणत होता, आणि नळीच्या तोंडाशीच तापमानाचा प्रोब चिमट्याने अडकवलेला होता, वाहत्या रसात. श्रीपादला एका क्षणात सगळं उमगलं. त्याने स्वतःचा प्रोब भोक पाडून, मोठ्या हौसेने तळाशी, गरम होणाऱ्या कॉइलला खेटून बसवला होता. प्रोब कॉइलचीच उष्णता मोजायचा, हीटर लवकर बंद व्हायचा आणि वरचं माल्ट कोमटच राहून बिअर पाणचट व्हायची. सेन्सरवाल्याला हे कळू नये!

तेवढ्यात गुरुदत्तचा फोन वाजला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला. श्रीपादने चिमटा सोडला. तार पातेल्याच्या कडेने पार तळापर्यंत सरकवली आणि झाकण लावलं. गुरुदत्त परत आला तेव्हा पातेल्याच्या पडद्यावर हवे तेच सदुसष्ट अंश दिसत होते.

"चहा घेतोस?"

"नको, निघतो."

दोन आठवड्यांनी गुरुदत्त वर आला. "सगळी ओतून दिली. चवच नव्हती. धुताना बघितलं तर प्रोब तळाला. माझा चिमटाच धड नव्हता बघ. तू या कामातला, मला काहीतरी पक्कं बसवून देशील?"

नीलिमा तिथेच बसलेली. श्रीपादला सहज हो म्हणता आलं असतं.

"चिमटा धड होता," तो म्हणाला. "मी काढला."

"का?"

"तुझी चांगली होते म्हणून."

गुरुदत्त जिना उतरून गेला. नीलिमा त्या दिवशी जेवली नाही.

सणाला दोघांचीही बिअर नव्हती. पुढे महिनाभर जिन्यात नुसतं "हालो". मग श्रीपादने नळीत प्रोब घट्ट बसेल असा स्टीलचा जोड बनवून आणला आणि गुरुदत्तच्या दाराशी उभा राहिला. गुरुदत्तने जोड उलटसुलट करून पाहिला.

"ये," तो म्हणाला.

श्रीपादने अर्ध्या तासात काम संपवलं. गुरुदत्तचा फोन दोनदा वाजला. तो पातेल्याजवळून हलला नाही. श्रीपादला त्यात काही वावगं वाटलं नाही.